रविवार, संध्याकाळी सहाच्या आत

डगाल्ड मॅकफेलची वर्तमानपत्रात आजवर सात पत्रं छापून आली होती आणि सातही पत्रांचा विषय एकच होता: डोंगरात जाऊन हरवणारी बेअक्कल माणसं. चपला घालून शिखरं चढणारे, नकाशा घरी विसरणारे, ढगात अडकले की बचाव पथकाच्या नावाने टाहो फोडणारे. पथकातली माणसं बिचारी फुकट राबतात, भरल्या ताटावरून उठून जातात आणि हे शहाणे खाली आल्यावर चहाही मागतात, असं त्याचं म्हणणं. पाचव्या पत्रात तर त्याने अशा लोकांची नावं गावासकट छापावीत अशी सूचना केली होती. पर्थजवळच्या नगरपालिकेत, परवाना खात्यात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस तो. त्याच्या पत्रांत 'सदर' आणि 'उपरोक्त' एवढेच काय ते मऊ शब्द असायचे.

त्यामुळे जूनमध्ये आपण दोघं कनू, म्हणजे वल्ह्याची लांबट होडी, घेऊन उत्तरेकडच्या असिंटच्या तळ्यांमधून जाऊ, दोन रात्री तंबूत काढू, असं जेव्हा इनिस रॅट्रे म्हणाला, तेव्हा डगाल्डच्या डोळ्यांपुढे तळी आली नाहीत. वर्तमानपत्राचं पान तीन आलं, हरवलेल्यांच्या बातम्यांचं.

इनिस म्हणजे शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, कशानेही न हलणारा माणूस. वीस वर्षं दोघं बोलिंग क्लबात एकाच बाजूने खेळत होते. कुणाच्या तरी गोठ्यात पडलेली जुनी कनू इनिसने हिवाळाभर बसून दुरुस्त केली होती आणि आता ती पाण्यात घातल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं.

"शुक्रवारी निघायचं, रविवारी दुपारी परत," इनिस म्हणाला. "त्यात एवढा विचार काय करायचा?"

डगाल्डने दोन महिने विचार केला. आधी परवानगीचं बघितलं. आमच्याकडे मोकळ्या रानात नीट वागून कुणीही तंबू ठोकावा, कायदाच तसा आहे, आणि डगाल्डला तो पाठ होता. पण जन्मभर परवाने देणाऱ्याला परवान्याशिवाय झोप कशी लागणार? त्याने त्या रानाच्या मालकांच्या कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'परवानगी लागत नाही. मजा करा.' डगाल्डने परत लिहिलं की परवानगी लागत नाही हे कृपया सही-शिक्क्यानिशी कळवावं. त्यावर उत्तर आलं की परवानगी लागत नसल्यामुळे, ती लागत नाही असं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आपल्याला आहे असं कचेरीला वाटत नाही. हा पत्रव्यवहार त्याने फायलीला लावला आणि फाईल सोबत घेतली. वाटेत कुणी हटकलंच तर दाखवायला बरी.

मग बोलिंग क्लबाने सल्ले द्यायला सुरुवात केली. पेट्री म्हणाला की चिलटांपासून वाचायचं तर बायकांचं अंगाला लावायचं तेल चोपडावं, त्याच्या मेहुण्याला त्याचा गुण आला होता. मेहुणा कुठे गेला होता असं विचारल्यावर तो बागेतच बसला होता असं निघालं. दुसरा म्हणाला, तेलाने काही होत नाही, चिलटांना माणसाची भीती कळते. डगाल्डने तेल घेतलं आणि भीती तर त्याच्याकडे होतीच.

सगळ्यात महत्त्वाचा होता तो कागद. कोण जाणार, कुठून जाणार, कुठल्या रात्री कुठे मुक्काम, आणि अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवावं, हे लिहून कुणाकडे तरी ठेवून जायचं, असं त्याने दुसऱ्या आणि सहाव्या पत्रात बजावलं होतं. बायको डंडीला बहिणीकडे गेलेली. म्हणून त्याने तो कागद शेजारच्या मिस निकल्सनकडे दिला. मिस निकल्सन मूळची लुईस बेटावरची, सत्तरीची, शिस्तीची बाई. वीस वर्षांत तिच्या दारातल्या दुधाच्या बाटलीने जागा बदलली नव्हती. यापेक्षा भरवशाचं माणूस शोधून सापडलं नसतं.

तिने कागद दोनदा वाचला. "रविवारी संध्याकाळी सहा," ती म्हणाली.

"सहाच्या आत माझा फोन येईल. नाही आला तर सरळ पोलिसांना कळवायचं."

"रविवारी."

"रविवारी."

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, कागदाची घडी घातली आणि घड्याळामागे ठेवली. "बरं," ती म्हणाली. "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." डगाल्डला वाटलं, केवढी जिव्हाळ्याची बाई आहे.

सामान त्याने दोन नारिंगी जलरोधक पिशव्यांत भरलं. 'अ' पिशवीत कामाच्या वस्तू: नकाशा, शिट्टी, बॅटरी, मलमपट्टी, बिस्किटं. 'ब' पिशवीत झोपेच्या वस्तू: तंबू, दोन्ही स्लीपिंग बॅगा, दोघांचे कोरडे कपडे. कुठल्या पिशवीत काय आहे याची छापील यादी होती. ती 'अ' मध्ये होती.

शुक्रवार बरा गेला. म्हणजे इनिसचा बरा गेला. तो मागे बसून शीळ घालत वल्हवत होता आणि समोर सुइल्व्हनचा डोंगर पाण्यातून उगवल्यासारखा उभा होता. डगाल्ड पुढे गुडघ्यांवर बसून पाण्यातले खडक मोजत होता. संध्याकाळी वारा पडला आणि चिलटं आली. तेल त्यांना आवडलं असावं. डगाल्डने डोक्यावरून जाळी ओढली आणि सॉसेज जाळीच्या आत कसं न्यायचं यावर बराच वेळ घालवला. इनिस उघड्या तोंडाने खात होता, चिलटांसकट.

"मटणाचा खर्च वाचतो," तो म्हणाला.

शनिवारी पहिल्या तळ्यातून दुसऱ्यात जायला होडी डोक्यावर घेऊन मैलभर दलदलीतून चालायचं होतं. होडीखाली दोघांची डोकी, बाहेर फक्त चार पाय. पुढच्या डोक्याचं म्हणणं डावीकडे, मागच्याचं उजवीकडे. दोन तासांनी दोन्ही डोकी एकदम म्हणाली की आपण निघालो तिथेच आहोत. शेवटी तिसऱ्या तळ्याशी पोचायला रात्रीच्या जेवणाची वेळ झाली. या तिसऱ्या तळ्याच्या गेलिक भाषेतल्या नावाचा अर्थ वाऱ्याचं तळं असा होतो, हे इनिसने तंबू ठोकल्यावर सांगितलं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

रविवारी सकाळी उठून बघतात तो तळ्यावर पांढऱ्या लाटा. जायचं होतं नेमकं वाऱ्याच्या तोंडावर. नऊ वाजता निघायचं होतं, ते दहा झाले, अकरा झाले. अकराला वारा थोडा कमी झाल्यासारखा वाटला म्हणून सामान आवरून त्यांनी होडी ढकलली. इनिस शेवाळलेल्या दगडावरून घसरला आणि कमरेएवढ्या पाण्यात बसला. उठला तो एका पायावर. गुडघा दगडावर आपटून मुरगळला होता.

"काही नाही," इनिस म्हणाला. आमच्याकडे पाय तुटला तरी माणूस हेच म्हणतो.

त्यांनी होडी पुन्हा वर ओढली. इनिसला गुडघ्यावर बसता येईना, आणि या वाऱ्यात एकट्याने वल्हवणं डगाल्डच्या हातचं नव्हतं. त्याने घड्याळ काढलं. बारा. थोड्या वेळाने पुन्हा काढलं. बारा वाजून चार मिनिटं. फोन काढला. रेंजची एक काडीही दिसेना. तो होडी उपडी करून तिच्यावर उभा राहिला, तरी नाही.

"कपडे बदल तू," घड्याळावरची नजर न काढता तो म्हणाला.

"बदलतो रे," इनिस म्हणाला. तो होडीच्या आडोशाला बसला होता, हात काखेत घालून. "डगाल्ड, सहाला ती बाई पोलिसांना कळवणार."

"मला माहीत आहे."

"पोलीस पथकाला बोलावणार. पंधरा-वीस माणसं येणार. रविवारची."

"मला माहीत आहे, इनिस."

"पेपरात येणार. तुझं नाव आलं तर जरा वाईट दिसेल." इनिसने ओल्या विजारीवरून हात फिरवला. "तीरातीराने चालत गेलास तर हरणांच्या रानाची राखण करणारा तो मॅकास्किल आहे ना, त्याचं घर लागतं. सात मैल. तिथे फोन आहे. माझी काळजी करू नकोस, मी इथे बसतो."

सोबत्याला रानात एकटं सोडून जाऊ नये, हे डगाल्डच्या तिसऱ्या पत्रातलं पहिलं वाक्य होतं. ते त्याला आठवलं. पण पान तीनही आठवलं, आणि त्यावरचा त्याचा बोलिंग क्लबातला, डोळे मिटलेला फोटो. त्याने नारिंगी पिशवी पाठीला मारली आणि तो निघाला. मागून इनिसने काहीतरी ओरडून सांगितलं, पण वारा उलटा होता. डगाल्डने हात हलवला.

ते सात मैल कसे होते हे त्याला पुढे नीट सांगता आलं नाही. वाट अशी नव्हतीच. कमरेएवढं गवत, मध्ये काळ्या चिखलाचे खड्डे, आणि जिथे वारा नाही तिथे चिलटं. एका खड्ड्याने त्याचा डावा बूट ठेवून घेतला. तो कोपरापर्यंत हात घालून काढण्यात वीस मिनिटं गेली आणि निघाला तेव्हा डगाल्ड त्याच्याशी चक्क बोलत होता. पिशवी फार जड लागत होती. पण त्या दिवशी त्याला सगळंच जड लागत होतं. डोक्यात एकच हिशेब: सव्वातीन, अजून चार मैल, साडेचार, अजून दोन. मध्येच तो आठवं पत्र मनात लिहू लागला, 'महोदय, सदर घटनेत वाऱ्याचा जो भाग होता', आणि पुढे सुचेना म्हणून थांबला. पाच वाजून वीस मिनिटांनी त्याने मॅकास्किलच्या दारावर थाप मारली.

दार ख्रिसी मॅकास्किलने उघडलं. नवरा मेंढरांकडे गेला होता. साठीची, गोल चेहऱ्याची बाई. दारात उभ्या असलेल्या त्या काळ्या चिखलाच्या माणसाकडे तिने असं बघितलं की जणू तो रोजच येतो.

"या, आत या. वारा सुटलाय नाही? चहा घ्याल ना?"

"नको, नको. उगाच तुम्हाला त्रास."

"अहो, त्रास कसला. केटली चढवलेलीच आहे."

इथे जरा थांबून डगाल्डची बाजू समजून घ्यायला हवी. फोन समोरच्या बोळात, तो बसला होता तिथून स्पष्ट दिसत होता. पण एखाद्याच्या घरात शिरून पहिल्या वाक्याला फोन मागायचा म्हणजे आपण फोनसाठीच आलो असं दिसतं. तो फोनसाठीच आला होता, म्हणून तर ते दिसणं आणखी वाईट. आधी हवेविषयी बोलायचं, मग यंदाच्या हरणांविषयी, मग ती 'आणखी काही हवं का' म्हणेल तेव्हा 'तेवढा एक फोन, जमलं तर' म्हणायचं. त्याच्या आईने त्याला असंच वाढवलं होतं. चहा आला. भट्टीतून ताजे काढलेले स्कोन आले, घरचं लोणी आलं, रास्पबेरीचा जॅम आला. ख्रिसीने तिच्या नणंदेच्या कंबरेच्या दुखण्याविषयी सांगितलं. डगाल्ड मान हलवत होता आणि भिंतीवरचं घड्याळ बघत होता. पाच पस्तीस. नणंदेचं ऑपरेशन झालं. पावणेसहा. ख्रिसीने दुसरा स्कोन त्याच्या ताटलीत ठेवला आणि तो नाही म्हणू शकला नाही. त्याने त्याला जॅमही लावला.

सहाला आठ मिनिटं कमी असताना त्याचा धीर सुटला. "तेवढा एक फोन," तो म्हणाला, "जमलं तर."

"इश्श, मग आधी नाही का सांगायचं," ख्रिसी म्हणाली.

मिस निकल्सनच्या घरी फोन वाजत राहिला. पंधरा वेळा, वीस वेळा. त्याने ठेवला, पुन्हा लावला. कोणी उचलेना. ती निघाली असणार, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढत असणार, हातात त्याचाच तो स्वच्छ छापलेला कागद. ख्रिसीने विचारलं तेव्हा त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं, कागद, सहाची वेळ, मिस निकल्सन.

"कुठली म्हणालात ही बाई?"

"लुईसची."

ख्रिसीने चहाचा कप खाली ठेवला. "चर्चला जाणारी?"

"रविवारी दोनदा."

"आणि तुम्ही तिला रविवारी फोन करायला सांगून आलात?" ती हसू लागली. "अहो, लुईसच्या अशा बाया रविवारी वाळत घातलेले कपडे काढत नाहीत. पाऊस आला तरी. फोनला हात कशी लावेल? आत्ता ती संध्याकाळच्या प्रार्थनेला बसली असेल. जीव वाचवायचा असेल तर चालतं म्हणा त्यांच्यात रविवारी, पण तुम्ही बुडालात हे तिला कुणी कळवलंय? नुसता उशीर झाला म्हणून ती काही करायची नाही. सोमवारी सकाळी बघेल."

डगाल्ड मटकन खाली बसला. म्हणजे कोणी येणार नव्हतं. पथक नाही, पान तीन नाही, फोटो नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने आपणहून तिसरा कप मागितला. ओले मोजे बदलावेत म्हणून त्याने पिशवी पुढे ओढली आणि तोंड उघडलं.

वरच इनिसचा जाड लोकरी स्वेटर होता. त्याखाली इनिसची कोरडी विजार. त्याखाली एक स्लीपिंग बॅग, मग दुसरी, आणि तळाशी तंबू. डगाल्डने पिशवी फिरवून बघितली. तिच्यावर त्याच्याच हाताने, ठळक, 'ब' लिहिलेलं होतं.

ख्रिसीने ती कोरडी विजार उचलून बघितली. मग म्हणाली, "तो ओला झालाय का?"

"कमरेपर्यंत."

"कधी?"

"अकरा वाजता." डगाल्डला इनिस अगदी स्वच्छ दिसला, होडीशी बसलेला, हात काखेत घातलेले. सकाळी त्याने ते बघितलंही होतं, पण तेव्हा तो घड्याळ बघत होता. "त्याला चालता येत नाही," तो म्हणाला. "गुडघा गेलाय."

ख्रिसीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "फोन तिथेच आहे," ती म्हणाली.

बोळापर्यंतच्या पाच पावलांत ती सातही पत्रं त्याला आठवली. अशा वेळी ती आठवली याचीच त्याला लाज वाटली, फार वाटली, आणि आजही वाटते. त्याने पोलिसांचा नंबर फिरवला. भिंतीवरच्या घड्याळात सहाचे ठोके पडत होते.

"हरवलेल्या व्यक्तीचं नाव?" पलीकडून विचारलं.

"हरवलेला नाही. तो कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. मीच ठेवून आलोय."

"ठेवून आलात?"

"म्हणजे तो मला जा म्हणाला."

"तुमचं त्यांचं नातं काय?"

"मित्र," डगाल्ड म्हणाला. पलीकडच्या माणसाने नकाशावरची जागा विचारली. नकाशा 'अ' पिशवीत होता. ख्रिसीने फोन त्याच्या हातातून घेतला आणि जागा सांगितली.

पाऊण तासात बचाव पथकाची गाडी आली, मागे मोटरची होडी. पथकाची प्रमुख होती माइरेड अर्कहार्ट, एरवी त्या भागात टपाल वाटणारी बाई. तिने वहीत डगाल्डचं नाव लिहून घेतलं, पेन थांबवलं आणि वर बघितलं.

"पर्थचे मॅकफेल? नावं छापा म्हणणारे?"

"हो," डगाल्ड म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"तुमचं पत्र आमच्या केंद्रात केटलीच्या वर चिकटवलंय. चहा होईपर्यंत वाचायला बरं पडतं."

"माझं नाव द्या पेपराला. माझी हरकत नाही. फक्त लवकर जा."

"आम्ही कुणाची नावं देत नाही, मॅकफेल," ती म्हणाली आणि 'ब' पिशवी त्याच्या हातातून घेऊन निघाली. त्याला त्यांनी नेलं नाही. होडीत जागा नव्हती.

मग तो तळ्याच्या काठी उभा राहिला. जूनचा उजेड अजून भरपूर होता, त्यामुळे रिकामं पाणी लांबवर दिसत होतं. चिलटं चावत होती आणि त्याने जाळी ओढली नाही. सात वाजले, साडेसात, आठ. घड्याळ बघायचं नाही असं तो ठरवायचा आणि बघायचा. ख्रिसी येऊन त्याच्या खांद्यावर नवऱ्याचा कोट टाकून गेली. तो कोट आपल्याला कशाला, असं त्याला वाटत राहिलं.

साडेआठला होडी आली. इनिस मधोमध बसला होता, दोन्ही स्लीपिंग बॅगांत गुंडाळलेला, चेहरा मेणासारखा. माइरेड उतरून म्हणाली, "थंडी बरीच शिरली होती. बोलताना शब्द सापडत नव्हते. आता ठीक आहे. वेळेवर कळवलंत." आणि ती दोर बांधायला गेली. तो 'वेळेवर' डगाल्डला चिखलातल्या बुटापेक्षा जड गेला.

ख्रिसीच्या चुलीपुढे इनिसला बसवलं. मग इनिसने विचारलं, "उचलला का फोन तिने?"

"नाही. लुईसची आहे ती. रविवारी—"

"हात लावत नाहीत," इनिस म्हणाला. "माझी आजी तशीच होती."

डगाल्डने त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तुला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"तू त्या कागदावर इतका खूश होतास. कशाला मोडता घालायचा."

"आणि आज? कोणी येणार नाही हे माहीत असून मला धावायला लावलंस?"

इनिसने कप दोन्ही हातांत धरला. "मला एक पाऊल टाकता येत नव्हतं, डगाल्ड. थंडी वाजत होती. कुणीतरी यायला हवं होतं."

"मग तसं सांगायचंस. मदत आण म्हणायचंस."

"कसं म्हणायचं ते?" इनिस म्हणाला, आणि त्याला खरंच ते माहीत नव्हतं असं दिसलं. "आणि म्हटलं असतं तर तू दोन तास नियम सांगत बसला असतास. नाव वाचवायला मात्र तू पळशील हे मला ठाऊक होतं. म्हटलं, एकदा फोनपाशी पोचला की पुढचं तो करील."

हे ऐकून डगाल्डला राग यायला हवा होता. त्याला रडू आलं, आणि चुलीच्या धुरावर ढकलावं तर चूल धूर करत नव्हती. नाक पुसून त्याने विचारलं, "मी करीन याची खात्री होती तुला?"

इनिसने कप चुलीच्या कडेला ठेवला.

"होती," तो म्हणाला. "पावणेसहाच्या सुमाराला जरा डळमळली. एवढ्यात पोचला असेल आणि फोनही केला असेल, असं मी स्वतःला सांगत होतो."

डगाल्डने मान हलवली. पावणेसहाला आपण काय करत होतो, हे त्याने इनिसला अजून सांगितलेलं नाही. ख्रिसीने स्कोनची ताटली पुढे केली तेव्हा इनिसने तीन घेतले. डगाल्ड नको म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते मनापासून म्हणायचं होतं.